सुजाताची खीर आणि ‘तब्येत सुधारली’ हे वाक्य

वैशाख पौर्णिमेची सकाळ. विहारात वंदना झाली आहे, दारात खीर वाटप सुरू आहे. इंदोऱ्यापासून रामबागेपर्यंत नागपुरातल्या कितीतरी वस्त्यांत हे दृश्य दरवर्षी दिसते. अशाच एका रांगेत एक मुलगी उभी आहे, असे समजा. वर्षभरापूर्वी ती वाळून काटकी झाली होती. आता उपचार सुरू आहेत, दोन वेळचे जेवण पोटात टिकू लागले आहे. ती द्रोण हातात घेते आणि मागून ओळखीच्या काकू म्हणतात, “बरं झालं बाई, तब्येत सुधारली तुझी! गाल कसे भरले बघ.” काकूंच्या मनात कौतुकच आहे. मुलीला मात्र एवढेच ऐकू येते की आपण जाड झालो. द्रोण ती खांबामागे ठेवून देते आणि रात्री घरी सांगते, “पोट भरलं आहे, जेवत नाही.”

महिनोन्महिन्यांची मेहनत अशा एका वाक्याने मागे जाऊ शकते. खाण्याशी जडलेल्या मानसिक आजारांना डॉक्टर ईटिंग डिसऑर्डर म्हणतात, मराठीत आहारविकार. या आजारातून बरे होताना बहुतेकदा वजन वाढते, आणि त्या वाढत्या वजनाला घाबरूनच अनेक जण उपचार सोडतात. हे वजन का वाढते, कुठे थांबते, आणि त्या काळात आपण भोवतालच्या माणसांनी काय करायचे, हे चळवळीत काम करणाऱ्या मुलामुलींना माहीत असायला हवे, म्हणून हे लिहीत आहे.

‘श्रीमंतांचे चोचले’ नव्हेत

आहारविकाराचे मुख्य प्रकार तीन. ॲनोरेक्सियात माणूस खाणे इतके कमी करतो की शरीर खंगत जाते, तरी त्याला आपण जाडच वाटतो. बुलिमियात थोड्या वेळात भरमसाट खाल्ले जाते, स्वतःवर ताबा राहत नाही, आणि मग ते भरून काढायला उलट्या, जुलाबाच्या गोळ्या, उपास किंवा बेसुमार व्यायाम. तिसऱ्यात, म्हणजे बिंज ईटिंगमध्ये, खाण्याचा तसाच झटका येतो, नंतर लाज वाटते, पण ते बाहेर काढण्याचा प्रयत्न होत नाही. ॲनोरेक्सियाला हे नाव लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी १८७३ मध्ये दिले, बुलिमियाचे स्वतंत्र वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले. इन्स्टाग्राम येण्याच्या खूप आधीचे हे आजार आहेत. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांत ॲनोरेक्सियाची गणना होते.

बघून हा आजार ओळखता येत नाही. हाडे दिसणारे रुग्ण थोडे असतात. बुलिमिया असलेल्याचे वजन बहुधा चारचौघांसारखेच असते. आधी जाड असलेला मुलगा झपाट्याने बारीक झाला तर आपण टाळ्या वाजवतो, पण तो आतून तितकाच आजारी असू शकतो. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. हाँगकाँग आणि भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले आहेत जे “मला जाड व्हायचं नाही” असे म्हणतच नाहीत. ते म्हणतात, पोट फुगते, ॲसिडिटी होते, घास खाली उतरत नाही. मग पोटाचे डॉक्टर, एंडोस्कोपी, काढा असे सगळे होते. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा देऊन इतकी वर्षे झाली तरी काही घरांतून मुलीला गुपचूप ‘बाहेरचे’ बघणाऱ्याकडेही नेले जाते, हे आपण मान्य करू या.

मुलांनाही हा आजार होतो. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणारा मुलगा, जिममध्ये ‘कटिंग’ करणारा मुलगा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्यातल्या एखाद्याचे खाणे-मोजणे कधी आजार होते ते त्यालाही कळत नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांमध्ये तर अर्धपोटी राहण्याला एक वलयच आहे. बाबासाहेब लंडनमध्ये कसे अपुऱ्या अन्नावर अभ्यास करत, हे प्रत्येक जयंतीच्या भाषणात सांगितले जाते. ते खरे आहे. पण ती त्यांच्या खिशाची सक्ती होती, साधना नव्हती. जिथे त्यांना स्वतः लिहिण्याची संधी मिळाली तिथे त्यांनी उपासमारीबद्दल काय लिहिले, ते पुढे येईलच.

आपल्या घरांत या आजाराला एक वेगळी लाजही चिकटते. ज्या आजीने दुष्काळात कण्यांवर दिवस काढले, जिला गावात शिळे तुकडे मिळत, तिच्यासमोर नात ताट सरकवते. “आम्हाला मिळत नव्हतं आणि तुला जात नाही?” आजीचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण नातीला त्यातून अपराधी वाटते, आणि अपराधी वाटले की ती आणखी लपवते.

शरीर उपासमार विसरत नाही

बरे होताना वजन असे का वागते, याचे सर्वात स्पष्ट उत्तर ८० वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगात आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपात लाखो लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा खायला कसे घालायचे हे शिकण्यासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांवर अभ्यास केला. हे तरुण युद्धाला नकार देणारे शांततावादी होते. बंदूक उचलणार नाही, पण उपाशी राहून लोकांच्या कामी येऊ, म्हणून ते स्वेच्छेने आले होते. तब्येतीने आणि मनाने धडधाकट म्हणून त्यांना निवडले होते.

सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवले गेले. त्यांचे सुमारे पाव वजन उतरले. त्याहून बोलके आहे ते त्यांच्या मनाचे. ही माणसे दिवसभर फक्त अन्नाचा विचार करू लागली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली, एकेक जेवण बराच वेळ लांबवू लागली, ताटे चाटू लागली. हसणे, मैत्री, लैंगिक इच्छा सगळे आटले. चिडचिड आणि उदासी वाढली. आहारविकाराच्या रुग्णात आपण ज्याला ‘स्वभाव बिघडला’ म्हणतो, त्यातला मोठा भाग उपासमारीचाच परिणाम असतो, हे या प्रयोगाने दाखवले.

मग खाणे वाढवले गेले. आपल्या विषयासाठी हाच भाग महत्त्वाचा. बंधन उठल्यावर काही जण प्रचंड खात होते आणि तरी भूक भागत नाही म्हणत होते. त्यांचे वजन पूर्वीच्या वजनाच्याही पुढे गेले. वाढलेल्या वजनात स्नायूंपेक्षा चरबीचा वाटा जास्त होता आणि ती आधी पोटावर, कमरेवर बसली. काहींना आपले पोट सुटल्याची लाजही वाटू लागली. ज्यांना आयुष्यात कधी आहारविकार नव्हता, अशा माणसांची ही गोष्ट. पुढच्या महिन्यांत, साधारण वर्षाच्या आसपास, बहुतेकांचे वजन हळूहळू पूर्वीच्या पातळीकडे परत आले. त्यासाठी डाएट करावे लागले नाही.

म्हणजे उपाशी राहिलेले शरीर आधी कोठार भरते. पुन्हा दुष्काळ पडणार नाही याची खात्री पटल्यावर ते साठवण सोडते. मध्येच घाबरून जेवण तोडले, तर शरीराच्या दृष्टीने दुष्काळ परत आला आणि सगळे चक्र पहिल्यापासून सुरू.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काट्यावर दिसणारी वाढ तर बरीचशी पाण्याची असते. घोटे सुजतात, चेहरा फुगतो. उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या थांबवल्यावर हे जास्त होते, कारण शरीर पाणी धरून ठेवते. ते काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत उतरते. उपासमारीत जठराचे काम मंदावलेले असते, म्हणून दोन घासांत पोट टम्म वाटते. नियमित खाल्ल्यानेच ते पूर्ववत होते, खाणे थांबवून होत नाही.

वजनाबरोबर दुसरेही बरेच परत येते, पण त्याकडे कोणी बोट दाखवत नाही. हातपाय गार पडणे थांबते. केस गळणे कमी होते, जरी त्याला महिने लागतात. पाळी परत येते. रात्री झोप लागते. पुस्तकाचे पान एका बैठकीत वाचून होते. हे आपण बोलून दाखवावे असे आहे.

पाच जण सोडून गेले तेव्हा

बौद्ध माणसाला हे सगळे परके वाटू नये. तथागतांनी स्वतःच्या उपासमारीचे वर्णन मज्झिम निकायात केले आहे, आणि ते भीषण आहे. पोटाच्या कातडीला हात लावावा तर पाठीचा कणा हाताला लागे, अंग चोळले की मुळापासून सैल झालेले केस गळून पडत, उठायला जावे तर तोल जाई. लाहोरच्या संग्रहालयात गांधार शैलीतली ती बरगड्या दिसणारी मूर्ती आहे, तिचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. एवढे करून त्यांनी निष्कर्ष काढला की इतक्या कृश शरीराने तो मार्ग सापडणार नाही, आणि ते जेवले. सुजाताची खीर आपण दरवर्षी वाटतो ती यासाठी.

पण त्या जेवणानंतर काय झाले, हे आपण फारसे सांगत नाही. बरोबरचे पाच तपस्वी नाराज झाले. हा आता सुखाला लागला, याने साधना सोडली, असे म्हणून ते निघून गेले. जेवायला लागलेल्या माणसावर शेरा मारणे इतके जुने आहे. त्याच पाच जणांना पुढे सारनाथला पहिले प्रवचन मिळाले आणि त्याची सुरुवातच दोन टोके टाळण्यापासून झाली: एक भोगाचे, दुसरे देहदंडाचे. दीक्षाभूमीवर आपण ज्या धम्मचक्राचे नाव घेतो ते या प्रवचनाचे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हा प्रसंग घेतला आहे आणि त्यात एक तपशील आहे जो मला फार आवडतो. बोधिवृक्षाखाली ध्यानाला बसण्यापूर्वी गौतमांनी चाळीस दिवस पुरेल इतके अन्न जमवून ठेवले, असे ते लिहितात. लंडनमध्ये अर्धपोटी राहिलेल्या माणसाने हे लिहिले आहे.

कमी खाण्याचा उपदेशही तथागतांनी केला आहे, तो नाकारायचे कारण नाही. कोसलचा राजा पसेनदी इतके खाई की धापा टाकत भेटायला येई. त्याला त्यांनी प्रमाणात खाण्याचा सल्ला दिला, राजाने तो मानला आणि त्याची प्रकृती सुधारली. पण ती गोष्ट अति खाणाऱ्या राजाची आहे. विनयात दुसरी गोष्ट आहे. शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले, त्यांच्या पोटात पेजही टिकेना, ते रोडावले, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. तथागतांनी आनंदाला विचारले, हे असे का दिसतात? मग तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे म्हणून घेण्याची मुभा दिली. आधी फक्त ठरलेल्या वेळेत. तेवढ्याने भागेना, तेव्हा अवेळीही. नियम ज्यांनी केला त्यांनीच आजाऱ्यासाठी तो सैल केला.

म्हणून वर्षावासातल्या अष्टशीलाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ज्याला आहारविकार आहे किंवा नुकताच होऊन गेला आहे, त्याने दुपारनंतर न जेवण्याचे शील घेऊ नये. पंचशील आहेच, ते पुरेसे आहे. या आजारात मन फार हुशार होते. जेवण टाळायला त्याला सन्माननीय कारण हवे असते, आणि ‘उपोसथ आहे’ यापेक्षा सन्माननीय कारण कोणते? आई खूश, शेजारी खूश, आणि आजारही खूश. विहारातल्या ज्येष्ठ उपासिकांनी हे ओळखायला शिकले पाहिजे. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरालाही हेच लागू. तिथे नव्या साधकाला संध्याकाळी फक्त फळे आणि चहा मिळतो. अर्जात आजारांची माहिती विचारलेली असते, ती लपवू नये आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

रोजच्या दिवसात

आहारविकारातून सावरणाऱ्याला भूक लागेल तेव्हा खा असे सांगणे सुरुवातीला उपयोगाचे नसते, कारण भुकेचा निरोप बिघडलेला असतो. म्हणून घड्याळ पाहून खायचे: तीन जेवणे, मध्ये दोन-तीन वेळा काहीतरी. सकाळचे तर्री-पोहे, दुपारी वरण-भात-पोळी-भाजी, चार वाजता चहाबरोबर काही, रात्री जेवण. त्यासाठी वेगळे महागडे खाणे लागत नाही. सावजीच्या रश्श्यावर तेलाचा तवंग दिसला की भीती वाटणारे अनेक जण आहेत. त्या भीतीवर एकदम उडी मारू नये, समुपदेशकाबरोबर एकेक पदार्थ परत आणावा.

वजनकाटा घरातून हलवावा. वजन बघायचेच असेल तर ते डॉक्टरांनी बघावे, आणि रुग्णाची इच्छा असेल तर त्याला पाठमोरे उभे करून. जुने, तंग झालेले कपडे कपाटात ‘परत बसतील’ म्हणून ठेवू नयेत. रोज सकाळी न झालेले बटण हा रोजचा टोमणा असतो. दोन सैल कुर्ते सीताबर्डीच्या फुटपाथवरही मिळतात, आणि उपचाराचा खर्च मोजताना ते त्यात धरावेत. फोनमधले ‘आधी आणि नंतर’ वाले व्हिडिओ बंद करावेत, स्वतःचे आजारपणातले फोटोही हाताशी ठेवू नयेत.

डाएटच्या सल्ल्यांपासून सांभाळावे लागते. दिवसातून दोनदाच जेवण्याची जी पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर पोहोचवली, तिचे मूळ आपल्या नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांत आहे, त्यामुळे ती इथे घरोघरी माहीत आहे. ती लठ्ठपणा आणि मधुमेहाचा विचार करून मांडलेली आहे. आहारविकारातून उठणाऱ्याला तिचा आग्रह करणे म्हणजे पसेनदीचा सल्ला त्या शिरा दिसणाऱ्या भिक्खूंना देणे. थायरॉइड किंवा पीसीओएससाठी डॉक्टरांकडे गेल्यावर तेही सवयीने “वजन कमी करा” म्हणतात. तिथे बसताच सांगावे, “मला आहारविकार होता, वजन कमी करण्याचा सल्ला देण्याआधी माझ्या मनोविकारतज्ज्ञांशी बोला.”

बिंज ईटिंग असलेल्याचे दुःख वेगळे असते. त्याचे वजन आधीच वाढलेले असते, आणि उपचार सुरू झाले तरी ते लगेच उतरत नाही. तिथेही पहिले काम झटके थांबवण्याचे असते. कडक उपास केला की पुढचा झटका आणखी मोठा येतो.

आता आपल्यासाठी, म्हणजे भोवतालच्यांसाठी. शरीरावर बोलायचे नाही, चांगलेही नाही. ‘बारीक झालीस’, ‘भरलीस’, ‘तब्येत सुधारली’, ‘आता छान दिसतेस’ यातले काहीही नको. “तू आलीस, बरं वाटलं” म्हणा. कार्यक्रमाबद्दल, पुस्तकाबद्दल, परीक्षेबद्दल विचारा. ताटावर लक्ष ठेवून बसू नका, पण सोबत जेवायला बसा. कोणी बोललेच तर मैत्रिणीने विषय बदलावा. रुग्णाने स्वतः “डॉक्टरांनी यावर बोलायला मना केलं आहे” एवढे म्हटले तरी पुरते. वधू-वर परिचय मेळावे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनाही एक सांगणे आहे. पत्रिका जुळवणे आपण सोडले, मग बायोडाटात रंग आणि बांधा हे रकाने कशासाठी ठेवले आहेत?

कधी थांबायचे नाही

चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, उलटीत रक्त, हातापायांत गोळे येणे, बरेच दिवस जवळपास काहीच न खाणे, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलणे, यातले काही असेल तर समुपदेशनाची वाट न बघता थेट दवाखाना गाठावा. खूप खंगलेल्या माणसाला घरीच भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे असते. रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम एकदम घसरून हृदयावर ताण येऊ शकतो, म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासण्या करत व्हावी लागते.

नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधले एम्स या तिन्ही ठिकाणी मनोविकार विभागाची ओपीडी आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जायला लाज वाटत असेल तर आधी १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून आहे, चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. घरचा आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यायचे असते, हेही लक्षात ठेवावे.

ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे वेळ थोडा. तेव्हा “पोट दुखतं” पासून सुरुवात करू नये. कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात: मी किती वेळा जेवते, जेवण टाळते का, उलटी काढते का, पाळी शेवटची कधी आली. बोलता आले नाही तर कागद पुढे करावा. सोबत कोणीतरी असले तर बरे. वस्तीतल्या मंडळाच्या मुलामुलींनी रक्तदान शिबिरासाठी जसे बाईकवर बसवून नेतात, तसे एखाद्याला ओपीडीपर्यंत नेले तरी पुष्कळ झाले. बाहेर रांगेत दोन-तीन तास जातील, म्हणून डबा बरोबर ठेवा आणि तिथेच दोघांनी मिळून खा.